निरोप समारंभाविना गेलेल्या मुख्याध्यापिका

शाळेच्या प्रमुखाने निरोप घेताना मागे वळून पाहावे, अशी आपल्याकडे पद्धत आहे. रुजू झालो तेव्हा वर्ग किती होते, आता किती आहेत, पट कितीचा कितीवर गेला, शालान्त परीक्षेच्या निकालाची टक्केवारी कशी चढत गेली, हे सारे वाचून दाखवले जाते. टाळ्या होतात, शाल पांघरली जाते, चहापान होते आणि मंडळी घरी जातात. आकडे खोटे नसतात. पण मुलींच्या शाळेची प्रगती मोजायची ती कशाने, हा प्रश्न त्या टाळ्यांच्या गजरात बहुधा राहूनच जातो.

पालक बंधु-भगिनींनो, हा प्रश्न डोळ्यांसमोर ठेवून मी आज आपल्याला एका मुख्याध्यापिकेची हकिगत सांगणार आहे. त्यांना निरोप समारंभ लाभला नाही, कारण त्या निवृत्त झाल्याच नाहीत. एकवीस वर्षे शाळा चालवून त्या कामावर असतानाच गेल्या. मात्र अखेरच्या पाच-सहा वर्षांत त्यांनी जे लिहिले व जी भाषणे केली, ती वाचली की निरोपाच्या वेळी वाचावयाचा अहवाल हाच, असे वाटू लागते. कलकत्त्याच्या सखावत मेमोरियल मुलींच्या शाळेच्या संस्थापिका बेगम रोकेया सखावत हुसेन यांच्याविषयी मी बोलत आहे.

त्यांचा जन्म १८८० साली आज बांगलादेशात असलेल्या रंगपूर जिल्ह्यातील पायराबंद गावी, एका जमीनदार घराण्यात झाला. घरात संपत्ती होती, पुस्तके होती, अरबी-फारसीचा व्यासंग होता. हे सर्व मुलग्यांसाठी. मुलींनी कुराण शरीफचे पठन शिकावे, फार तर थोडे उर्दू वाचावे, येथे त्यांची तालीम संपत असे. बंगाली ही गावातील सर्वसामान्यांची भाषा आणि इंग्रजी ही साहेबाची भाषा, म्हणून दोन्ही वर्ज्य. पडदा इतका कडक की वयाच्या पाचव्या वर्षापासून रोकेयांना परक्या स्त्रियांपासूनही लपावे लागे. एकदा घरी बिहारकडील दोन मोलकरणी पाहुण्या म्हणून आल्या, तर ही चिमुरडी चार दिवस वरच्या मजल्यावरील अडगळीच्या खोलीत दडून बसली होती. तिच्याच वयाचा भाचा अधूनमधून तिला थोडे दूध नेऊन देई. पुढे ही आठवण त्यांनी स्वतःच लिहून ठेवली आहे, आणि तीही थट्टेच्या सुरात.

अशा घरात त्या शिकल्या कशा? थोरले बंधू इब्राहिम साबेर यांनी रात्री सर्व निजल्यावर मेणबत्तीच्या उजेडात त्यांना इंग्रजी शिकवले. थोरल्या भगिनी करीमुन्निसा यांनी बंगाली शिकवले. करीमुन्निसांना स्वतःला वाचनाचे विलक्षण वेड होते, पण पंधरा वर्षे पुरी होण्याआधीच त्यांचे लग्न लावून देण्यात आले. पुढे रोकेयांनी आपले एक पुस्तक या बहिणीला आणि एक या भावाला अर्पण केले. मुलगी शिकते तेव्हा घरातले कोणीतरी एकजण तिच्या बाजूने उभे राहिलेले असते, हे येथे नोंदवून ठेवण्यासारखे आहे. रोकेयांच्या बाबतीत असे तिघेजण निघाले. तिसरे त्यांचे पती.

सय्यद सखावत हुसेन हे बिहारमधील भागलपूरचे, उर्दू बोलणारे, विलायतेत शिकून आलेले सरकारी अधिकारी. वयाने पत्नीहून पुष्कळ मोठे आणि बिजवर. आजच्या दृष्टीने हा विवाह विजोडच म्हणावा लागेल. पण या गृहस्थांनी पत्नीला लिहिण्यास उत्तेजन दिले. १९०५ साली मद्रासच्या एका इंग्रजी स्त्री-मासिकात रोकेयांची ‘सुलतानाज् ड्रीम’ ही कथा प्रसिद्ध झाली. तिच्यात पुरुष पडद्याआड आहेत आणि स्त्रिया विज्ञानाच्या बळावर राज्य चालवीत आहेत. मुलींच्या शाळेसाठी सखावत हुसेन यांनी दहा हजार रुपये बाजूला काढून ठेवले होते. ३ मे १९०९ रोजी त्यांचे निधन झाले. दोन मुली तान्हेपणीच गेल्या होत्या. पतीच्या मृत्यूनंतर पाच महिन्यांतच, १ ऑक्टोबर १९०९ रोजी, या एकाकी विधवेने भागलपुरात पाच मुलींची शाळा सुरू केली.

ती शाळा तेथे टिकली नाही. सावत्र मुलगी व जावई यांच्याशी मालमत्तेवरून बेबनाव झाला आणि त्यांना भागलपूर सोडावे लागले. १६ मार्च १९११ रोजी कलकत्त्यात वलीउल्ला लेनमधील एका भाड्याच्या घरात तीच शाळा पुन्हा उघडली. मुली आठ होत्या.

येथे एक खुलासा करणे मला जरूर वाटते. मुसलमान मुलींची ही बंगालमधील पहिलीच शाळा, असे पुष्कळदा सांगितले जाते. ते बरोबर नाही. नवाब फैजुन्निसा यांनी कुमिल्ला येथे १८७३ सालीच मुलींची शाळा काढली होती. खुद्द कलकत्त्यातही मुर्शिदाबादच्या बेगमसाहेबांच्या पुढाकाराने १८९७ साली व सुहरावर्दी घराण्यातील खुजिस्ता अख्तर बानू यांच्या प्रयत्नाने १९०९ साली मुसलमान मुलींच्या शाळा निघाल्या होत्या. बेथ्यून साहेबांची प्रसिद्ध शाळा तर १८४९ पासून चालू होती, पण ती हिंदू घराण्यांतील मुलींसाठी. आपल्या पुण्यात फुले दांपत्याने मुलींची शाळा काढली ती त्याच्या आदल्या वर्षी, म्हणजे १८४८ साली. तेव्हा रोकेयांचा मोठेपणा पहिलेपणात शोधू नये. शाळा काढणारे पुष्कळ होते, ती वीस-वीस वर्षे रोज सकाळी उघडणारे थोडे होते.

गंमत अशी की ज्या बाई शाळा चालवणार होत्या, त्यांनी स्वतः शाळेचे तोंड पाहिलेले नव्हते. एकच शिक्षिका एका वेळी अनेक मुलींना कशी शिकवू शकते, याचेच त्यांना प्रथम नवल वाटे, असे त्यांच्या सहकारी व चरित्रकार शम्सुन्नाहर महमूद यांनी नमूद केले आहे. मग त्या कलकत्त्यातील इतर मुलींच्या शाळांत जाऊन बसू लागल्या. तास कसा घेतात, हजेरीपट कसा ठेवतात, वर्गाला शिस्त कशी लावतात, हे पाहून पाहून शिकल्या. आम्ही बी.एड.ला पाठ घेऊन जे शिकतो, ते या बाईंनी असे वेचून घेतले.

पुढची अडचण शिक्षिकांची. शिकलेल्या मुसलमान शिक्षिका कलकत्त्यात मिळत नव्हत्या, म्हणून मद्रास, गया, आग्रा अशा दूरदूरच्या गावांहून त्या आणाव्या लागल्या. आलेल्यांना रोकेया स्वतः तयार करीत. त्यांनी सरकारकडे सतत तगादा लावला, आणि १९१९ साली कलकत्त्यात मुसलमान स्त्रियांसाठी अध्यापिका प्रशिक्षण शाळा निघाली. ठेव ठेवलेली बँक बुडाली, त्यात पैसा गेला. तरुण विधवा शाळेच्या निमित्ताने मिरवते, असेही बोलले गेले. त्याबद्दल अधिक लिहीत नाही. असे बोलणारे प्रत्येक गावात असतात.

१९१५ सालापर्यंत पट ८४ झाला. शाळा लोअर सर्क्युलर रोडवर मोठ्या जागेत गेली. कुराण शरीफ अर्थासह, उर्दू, फारसी, बंगाली, इंग्रजी, शिवण, स्वयंपाक, रुग्णशुश्रूषा आणि व्यायाम असे विषय शिकवले जात. ‘व्यायाम’ हा शब्द मी मुद्दाम शेवटी लिहिला. मुलींनी हातपाय हलवावेत यासाठी त्या काळी किती वाद घालावा लागला असेल, याची कल्पना आमच्या शाळेतील खो-खोच्या संघाला येणे कठीण आहे.

आता मी मूळ प्रश्नाकडे येतो. आठाच्या चौऱ्याऐंशी झाल्या ही प्रगती खरीच. पण शाळा हायस्कूल केव्हा झाली? १९३० च्या सुमारास. म्हणजे पट दसपटीने वाढायला चार वर्षे लागली आणि शाळेला माथ्यापर्यंत चढायला जवळजवळ वीस. असे का व्हावे? शिक्षक या नात्याने मला याचे उत्तर साधे वाटते. खालचे वर्ग नव्या मुलींनी भरतात. वरचा वर्ग भरायचा तर गेल्या वर्षीची मुलगी यंदाही यावी लागते. आठ-नऊ वर्षांच्या मुलीला शाळेत घालायला बाप लवकर तयार होतो. तीच मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की त्याचा धीर सुटतो. मुख्याध्यापिका इमारत बांधू शकते, शिक्षिका आणू शकते, बाके करवून घेऊ शकते, पण वरचा वर्ग तिला बांधता येत नाही. तो पालकच बांधतात. म्हणून मुलींच्या शाळेची प्रगती पाहायची असेल तर एकूण पट पाहू नये, सर्वांत वरच्या वर्गात किती मुली बसल्या आहेत ते पाहावे.

आणि मुलगी शाळेत येणार कशी, हा प्रश्न तर दाराशीच उभा होता. खानदानी घरची मुलगी रस्त्याने चालत येणार नाही. तेव्हा वाहन हवे, आणि तेही पडद्याचे. या वाहनाची जी कथा रोकेयांनी ‘अवरोधबासिनी’ या १९३१ साली निघालेल्या पुस्तकात सांगितली आहे, ती प्रत्येक पालकाने ऐकावी अशी आहे. पडद्याच्या अतिरेकाचे ४७ छोटे प्रसंग या पुस्तकात आहेत. ही गोष्ट त्यातली शेवटची.

शाळेने मोटार-बस केली. ती चोहोबाजूंनी बंद. पुढच्या व मागच्या दारांवर तीन इंच रुंद आणि अठरा इंच लांब अशी जाळी, एवढीच काय ती हवेची वाट. पहिल्या दिवशी मुलींना घरी पोचवून परतलेल्या आयाने सांगितले की आत भयंकर उकडते, मुली कासावीस होतात, लहान मुली अंधाराला भिऊन रडतात. दुसऱ्या दिवशी शाळेतील युरोपियन बाईंनी मागच्या दाराची झडप उघडून तेथे पडदा लावला. तरी कोणाला भोवळ आली, कोणाला उलटी झाली, कोणाचे डोके दुखू लागले. दुपारी त्या बाईंनी दोन्ही बाजूंच्या झडपाही उघडून तेथे पडदे सोडले. संध्याकाळी एक हिंदू मैत्रीण भेटायला आल्या. शाळेची भरभराट पाहून त्यांनी आनंद व्यक्त केला आणि मग सहज म्हणाल्या की तुमची बस रस्त्याने जाताना पाहिली, मला वाटले मोठे कपाटच चालले आहे. त्यांच्या पुतण्याने तर तिला चालती अंधारकोठडी म्हटले होते.

तिसऱ्या दिवशी काही मुलींच्या माता शाळेत आल्या. त्या संतापल्या होत्या. ही तुमची गाडी म्हणजे खुदाचा कोप आहे, मुलींना जिवंतपणी कबरीत घालता काय, असे त्यांनी विचारले. रोकेयांनी सांगितले की बाई, मी काय करू, गाडी अशी नसती तर बेपर्दा म्हणून तुम्हीच नावे ठेवली असती. त्यावर त्या माता उसळून म्हणाल्या की मग काय पडद्यापायी मुलींचा जीव घ्यायचा? उद्यापासून आमच्या मुली येणार नाहीत.

त्याच संध्याकाळी टपालाने चार पत्रे आली. एक इंग्रजीत होते. लिहिणाऱ्याने सहीच्या जागी नाव न घालता ‘इस्लामी बंधू’ अशा अर्थाची सही केली होती. बाकीची तीन उर्दूत. त्यांपैकी दोन निनावी, एकावर पाच जणांच्या सह्या. चौघांचा मजकूर एकच : आम्ही शाळेचे हितचिंतक आहोत, गाडीचे दोन्ही बाजूंचे पडदे वाऱ्याने हलतात व गाडी बेपर्दा होते, उद्यापर्यंत बंदोबस्त झाला नाही तर शाळेच्या भल्यासाठी आम्ही उर्दू वर्तमानपत्रांतून टीका करू आणि अशा बेपर्दा गाडीतून मुलींचे येणे बंद पाडू.

पाहा कसा पेच आहे! सापाला धरले तर साप डसतो, न धरले तर राजा मारतो, अशा आशयाची म्हण देऊन रोकेयांनी ही गोष्ट संपवली आहे. त्यांनी पुढे काय केले ते त्या सांगत नाहीत. आपण मात्र दोन्ही बाजू नीट पाहाव्यात. एका बाजूस शाळेत स्वतः आलेल्या, समोरासमोर बोललेल्या माता. त्यांना मुलीचा घामेजलेला चेहरा दिसला होता. दुसऱ्या बाजूस टपालातून आलेले हितचिंतक, ज्यांना फक्त हलणारा पडदा दिसला होता, आणि ज्यांतील काहींना आपले नाव लिहिण्याचेही धैर्य झाले नव्हते. आणि एक गोष्ट विसरू नका : मुलींना शाळेतून काढण्याची धमकी दोन्ही बाजूंनी दिली. मुख्याध्यापिकेच्या बाजूने त्या दिवशी कोणीही पत्र लिहिले नाही.

रोकेया पडद्याच्या शत्रू होत्या असा समज यावरून करून घेऊ नये. त्या स्वतः बुरखा वापरीत. मर्यादशील पेहराव वेगळा आणि स्त्रीला कोंडून ठेवणे वेगळे, हा भेद त्यांनी वारंवार मांडला. धर्माने मुलीला दिलेला तालमीचा हक्क समाजाने हिरावून घेतला आहे, ही त्यांची तक्रार होती. १९२७ साली त्यांनी एक इंग्रजी लेख लिहिला, त्याचे शीर्षकच ‘गॉड गिव्ह्ज, मॅन रॉब्ज’ असे होते. म्हणजे अल्लाह देतो आणि माणूस लुटतो. शाळेसाठी त्यांनी जी तडजोड केली तिची किंमत त्यांना ठाऊक होती. १९२६ साली बंगाल स्त्री-शिक्षण परिषदेच्या अध्यक्षपदावरून बोलताना त्यांनी सांगितले की आयुष्यभर आपण पडद्याच्या लोखंडी पेटीत राहिलो, लोकांत मिसळण्याची सवय नाही, अध्यक्षाने काय करायचे असते, हसायचे की रडायचे, हेही आपल्याला कळत नाही. शाळेच्या प्रमुखपदी पंधरा वर्षे काढल्यावरचे हे उद्गार आहेत. त्यात विनय आहे, पण नुसता विनय नाही.

दुसरी एक तडजोड भाषेची. रोकेया या बंगाली लेखिका. बंगाली आपली मातृभाषा आहे हे बंगालच्या मुसलमानांनी मानावे, असा त्यांचा आग्रह. पण कलकत्त्यातील ज्या घरांतून मुली येत, ती घरे उर्दू बोलणारी, म्हणून शाळा उर्दूची. त्यांनी बंगालीचे वर्ग काढून पाहिले, मुली मिळेनात म्हणून ते बंद करावे लागले. घरात एक भाषा, गावात दुसरी आणि शाळेत तिसरी, हा तिढा कोकणातील व मराठवाड्यातील आपल्या वाचकांना समजावून सांगण्याची गरज नाही. त्याचा निकाल त्यांच्याकडून लागला नाही.

शाळेच्या भिंतीपलीकडेही त्यांचे काम चालू होते. १९१६ साली त्यांनी मुसलमान स्त्रियांची अंजुमन स्थापन केली. तिच्या सभासद भगिनी कलकत्त्याच्या वस्त्यांत जाऊन गरीब स्त्रियांना अक्षरओळख व आरोग्याचे नियम शिकवीत. विद्यार्थिनींनो, तुमच्यापैकी ज्यांना समाजसेवेच्या तासाचा कंटाळा येतो, त्यांनी एवढे लक्षात घ्यावे की सभेला बायका याव्यात म्हणून रोकेया घरोघर फिरत, आणि पुष्कळ दारे त्यांना बंद मिळत.

आता शेवटचा भाग. १९३१ पर्यंत शाळा हायस्कूल झाली होती. दुसरा कोणी असता तर या टप्प्यावर समाधानाचा सुस्कारा टाकला असता. त्या वेळच्या रोकेयांच्या लिखाणात समाधान फार थोडे सापडते. त्या मुलींच्या शिक्षणाच्या आदर्शाविषयी लिहितात, समाजाच्या निष्काळजीपणाविषयी लिहितात आणि हसवता हसवता ‘अवरोधबासिनी’मधील ते भीषण प्रसंग लिहितात. काहींना हा कडवटपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. शाळेची प्रगती झाली म्हणून समाजाची झाली असे मानण्याची घाई त्यांनी केली नाही, एवढेच. हा प्रामाणिकपणा निरोपाच्या भाषणांत दुर्मिळ असतो, कारण समोर बसलेले पालक आणि विश्वस्त हेच तर त्या अपुऱ्या प्रगतीचे अर्धे कारण असतात, आणि त्यांच्याच हातात शाल असते.

तेव्हा पालकहो, रोकेयांच्या पालकांना जे विचारावेसे वाटते ते मी आपल्यालाही विचारतो. आपल्या मुलीचे नाव पाचवीत घालताना आपण जो उत्साह दाखवला, तो तिच्या आठवीत टिकला काय? शाळेविषयी तक्रार असेल तेव्हा आपण मुख्याध्यापिकांच्या खोलीत येऊन बोलता, की चार जणांत बोलता? आणि शाळेवर एखादे निनावी पत्र आले असे कळले, तर त्याच दिवशी नाव घालून दुसरे पत्र लिहाल काय? निनावी पत्रे सर्व काळात येतात. ती वाचणाऱ्या बाईंच्या टेबलावर दुसरे एखादे सहीचे पत्र असले म्हणजे त्यांना रात्री झोप लागते.

९ डिसेंबर १९३२ रोजी पहाटे बेगम रोकेयांचे निधन झाले. आदल्या रात्री उशिरापर्यंत त्या लिहीत होत्या. टेबलावर कागद सापडले, त्यावर ‘नारीर अधिकार’, म्हणजे स्त्रीचे हक्क, असे शीर्षक होते आणि लेख अर्धवट होता. कलकत्त्याजवळ सोदपूर येथे त्यांचे दफन झाले. बांगलादेशात ९ डिसेंबर हा रोकेया दिन म्हणून पाळला जातो. त्यांच्या मृत्यूनंतर काही वर्षांतच ही खाजगी शाळा सरकारने चालवायला घेतली. ती कोलकात्यात लॉर्ड सिन्हा रोडवर सखावत मेमोरियल या नावानेच आजही चालू आहे, आणि तिच्या वरच्या वर्गांत मुली बसतात.